दहा लिटरचा कॅन आणि हुलग्याचं कट

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

बेळगावच्या वडगावात आमच्या दारावरून पहाटे साडेपाचपासून माणसं जातात. रात्रपाळी संपवून मागावरची (कापड विणायच्या मागावर काम करणारी) माणसं घरी येत असतात, फिरायला जाणारे कानटोपी घालून निघालेले असतात. या सगळ्यांना प्यायला मिळतो तो चहाच. थंडी पडली की आमच्या आत्याबाई (माझ्या सासूबाई) घरात सगळ्यांना हुलग्याचं (कुळथाचं) कट देतात, म्हणजे शिजवलेल्या दाण्यांचं गाळलेलं पाणी, लसूण-मिऱ्याचं, पातळ. तेच दारात दहा रुपये कप विकून बघायचं, संक्रांतीपर्यंत, असं ठरवलंय. दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवते. कट करायची रीत चार ओळींत संपते. बाकीच्या भानगडीच जास्त आहेत.

आतापर्यंतचा खर्च: दहा लिटरचा स्टीलचा थर्मास कॅन, खाली तोटी असलेला, जुना, १,६०० रुपये. धंद्याचा मोठा सिलिंडर जावेच्या भावाकडे रिकामा पडून होता, तो भरून आणला, १,९०० गेले. एफएसएसएआयच्या (सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याच्या) छोट्या धंद्याच्या नोंदणीचे १०० रुपये भरले, पण नेट सेंटरवाल्याने भरून द्यायचे १५० घेतले आणि फोटो चढेना म्हणून दोन फेऱ्या झाल्या. सव्वा दिवस त्यातच गेला.

२ डिसेंबर, सोमवार

एक कपसुद्धा विकला नाही.

एक किलो हुलगे रात्री आठला भिजत घातले होते. पहाटे चारला उठून दहा लिटरच्या कुकरमध्ये ते आणि सहा लिटर पाणी असं पाऊण कुकर भरून शेगडीवर ठेवलं. हेतू असा की एकदाच सगळं उरकावं. पहिली शिट्टी आली ती फेस घेऊनच. दुसरी आलीच नाही. मी आपली वाट बघत भांडी पुसत बसले. मग सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि तपकिरी पाणी छतापर्यंत गेलं. कुणाला भाजलं नाही, एवढंच नशीब.

शिट्टीच्या भोकात हुलग्याचं साल अडकलं होतं. कडधान्याला फेस येतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, हे कुकरबरोबर आलेल्या पुस्तकात छापलेलं आहे. पुस्तक पंधरा वर्षं ड्रॉवरमध्ये आहे. व्हॉल्व्ह ४० रुपये. भिंत पुसण्यात दुपार गेली.

३ डिसेंबर

आज अर्धाच कुकर, वर चमचाभर तेल फेस बसायला. चौदा शिट्ट्या झाल्या तरी दाणा बोटात दाबला जाईना. सव्वासातला कंटाळून तसंच गाळलं. रंग फिक्का, चव चिंचेची आणि हळदीची. नऊ कप गेले, तेही ओळखीपोटी.

आत्याबाई बाहेर येऊन दाणा चावून म्हणाल्या, "चिंच कवा घातलीस गे?"

"हुलग्याबरोबरच."

"मग कशाला शिजतंय ते."

आंबट आधी घातलं की कडधान्य शिजत नाही, हे मलाही माहीत होतं. घाईत सगळं एकदम टाकलं. पण मला वाटतं दोष एकट्या चिंचेचा नसावा. काल नळाला पाणी नव्हतं, बोअरचं वापरलं होतं.

४ डिसेंबर

आज विक्री बंद ठेवून फक्त हेच तपासलं. दोन छोटे डबे घेतले, दोन्हींत रात्रभर भिजलेले हुलगे मूठ-मूठ. एकात बोअरचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. चिंच कशातच नाही. एकाच कुकरमध्ये, एकदमच, पाच शिट्ट्या. नळाच्या पाण्यातला दाणा बोटाने लोणी झाला. बोअरच्या पाण्यातल्याचं साल सुटलं, आत मात्र कच्चाच.

आमच्या बोअरच्या पाण्याने घागरीला पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही. त्या क्षारांमुळेच दाणा मऊ होत नाही. शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं जे पाणी येतं ते यासाठी चांगलं. नळ रोज येत नाही, म्हणून आजपासून दोन घागरी फक्त कटासाठी बाजूला. त्यांना घरात कुणी हात लावायचा नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. निम्म्या बायकांचा उपास, हुलगे चालत नाहीत. त्यांच्यासाठी तीन लिटर आमसुलाचं सार केलं: आमसूल, जिरं, हिरवी मिरची, गूळ, सैंधव. बारा कप गेले. मागावरच्या माणसांनी एकेक घोट घेऊन "हे पोटाला काय लागत न्हाई वैनी" म्हणून परत दिलं. रात्रभर उभं राहून आलेल्या माणसाला सार देऊन काय होणार.

७ डिसेंबर

पहिल्यांदा मनासारखं झालं. छत्तीस कप, आठच्या आत कॅन रिकामा. म्हणून आजची रीत लिहिते, पुढे हीच धरायची.

हुलगे एक किलो, निवडून (खडे असतातच, आणि तेही हुलग्याच्याच रंगाचे), रात्री आठला भिजत. पहाटे चारला उपसून कुकरमध्ये, वर तीन लिटर नळाचं पाणी, चमचाभर तेल. शिट्टी झाल्यावर आच कमी, एकूण सहा शिट्ट्या. कुकर आपला आपण थंड होऊ द्यायचा. गाळून घेतलेलं हे पहिलं पाणी. मग दाण्यातले दोन मुठी दाणे पाट्यावर रगडून, उरलेल्या दाण्यांत चार लिटर उकळतं पाणी घालून पंधरा मिनिटं चुलीवर, आणि पुन्हा गाळायचं. हे दुसरं पाणी. दोन्ही एकत्र केली की पाच लिटरच्या आसपास भरतं. आत्ता चिंच, सुपारीएवढी, कोळून. मीठ, ठेचलेला लसूण, मिरं, जिरं, थोडा गूळ. फोडणीत मोहरी, हिंग, कडीपत्ता, दोन ब्याडगी मिरच्या. ब्याडगी रंगाला. तिखटपणा मिऱ्याचाच हवा, नाहीतर पहाटे रिकाम्या पोटी जळजळतं.

कट दाट करायचा मोह होतो. करू नका. दाट केलं की माणूस अर्ध्यात थांबतो.

पलीकडच्या ओळीतली कन्नड आज्जी पहिला घोट घेऊन म्हणाली, "अक्कार, उप्पु कडिमी आगेती." खरंच मीठ कमी होतं. ती याला हुरळी कट्टु म्हणते. आपलं कट आणि तिचं कट्टु, शब्द एकाच घरचे दिसतात.

१० डिसेंबर

कटाचं गणित बसलं, पण ज्याचा विचारच केला नव्हता ते पुढे आलं. रोज एक किलो हुलगे शिजतात, म्हणजे दोन-अडीच किलो शिजलेले दाणे उरतात. पहिल्या दिवशी उसळ. दुसऱ्या दिवशी उसळ. तिसऱ्या दिवशी भाकरीत. चौथ्या दिवशी नवऱ्याने ताट पुढे सरकवून विचारलं, "मी काय बैल हाय काय गे?"

त्यावरूनच सुचलं. गल्लीच्या टोकाला ज्यांच्या दोन म्हशी आहेत त्यांना विचारलं. बैलांना, म्हशींना हुलगे पूर्वीपासून देतातच. आता सकाळी साडेआठला त्यांचा मुलगा बादली घेऊन येतो आणि मला पाव लिटर दूध देऊन जातो. मीठ-मसाला दाण्यांत जात नाही, कारण तो गाळल्यानंतर घालते. नाहीतर हे जमलं नसतं.

१२ डिसेंबर

तोटी तुंबली. साडेसहाला, सात-आठ माणसं उभी असताना. आधी धार बारीक झाली, मग थेंब, मग काही नाही. वरून झाकण उघडून पळीने वाढलं तर वाफ सगळी गेली आणि शेवटच्यांना कोमट मिळालं. एकाने पैसे परत मागितले, दिले.

दुपारी तोटी खोलली. आत कडीपत्त्याचं पान आणि त्यामागे मोहरीचा गठ्ठा. फोडणी कॅनमध्ये ओतायचीच नव्हती. आता फोडणी टोपात देते, पाच मिनिटं उकळते आणि मग मलमलच्या फडक्यातून कॅनमध्ये गाळते. वास तेवढाच राहतो. ठेचलेला लसूणही पुरचुंडीत बांधून टोपात सोडते. तोटी जुनी होती, आटे गेलेले. नवी ९० रुपये.

१३ डिसेंबर

स्वयंपाकाचा थर्मामीटर घेतला, २५० रुपये. पैसे वाया गेले असं वाटेल, पण नाही. कॅनमध्ये ओतताना ९४ अंश, आठला बघितलं तर ६२. कारण कॅन रात्रभर ओट्यावर गार पडलेला असतो आणि पहिली उष्णता तोच पितो. आता ओतण्याआधी दहा मिनिटं त्यात उकळतं पाणी भरून ठेवते, मग ते पाणी ओतून टाकते. आठला ७८. एवढंच. यासाठी मी इतके दिवस कॅनला गोधडी गुंडाळत होते.

साठच्या खाली गेलेलं कट ठेवून देऊ नये, लवकर आंबतं. उरलंच तर पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून निववायचं आणि त्याच दिवशी संपवायचं.

१७ डिसेंबर

पुतण्याचं म्हणणं, "काकू, पोरं हे पीत न्हाईत, मंचाव सूप कर." केलं. कोबी, गाजर, सोया सॉस, कॉर्नफ्लोअर. टोपात फार सुंदर दिसलं. शाळेच्या व्हॅनची वाट बघणाऱ्या पोरांनी चौदा कप उडवले. पण कॅनमध्ये तासाभरात त्याची खळ झाली, तोटीतून गांडुळासारखं यायला लागलं. नंतर कॅन धुवायला पाऊण तास. मंचाव ज्याला करायचंय त्याने खपेल तेवढंच करून कढईतून गरम गरम वाढावं, साठवू नये. मी परत केलं नाही.

२० डिसेंबर

मसुराचं कट. आपल्याकडचा मसूर बारीक, चवीला गोड; येळ्ळूर-वडगावच्या शिवारात भात निघाल्यावर त्याच ओलीवर पेरतात. तो लवकर शिजतो, चार शिट्ट्या पुरतात, गॅस वाचतो. चव फार छान. पण गाळलं तरी गाळ तळाशी बसतो आणि तोटी तळाशीच असते; पहिल्या दहा कपांत सगळा मसूर, पुढच्या वीसांत पिवळं पाणी. आणि ज्याने त्याने एकच विचारलं, "भाकरी हाय काय?" मसूर प्यायचा पदार्थ नव्हे, हे गिऱ्हाइकांनीच ठरवून टाकलं. वरून भाव हुलग्याहून जास्त.

२२ डिसेंबर

नाचणीची आंबील. रात्री पीठ ताकात कालवून झाकून ठेवलं. उन्हाळ्यात सकाळपर्यंत बुडबुडे येतात. आज पहाटे बघितलं तर जसंच्या तसं, आंबटपणाचा पत्ता नाही. गच्चीवर १३ अंश होते. एवढ्या गारठ्यात पीठ कशाला आंबतंय. तसंच उकळून, मीठ-लसूण घालून दिलं. पिठाची पेज झाली. त्यात घाईत पातळ केलेलं पीठ उकळत्या पाण्यात ओतताना हात थांबला आणि गुठळ्या झाल्या. दहा कप.

आत्याबाई म्हणतात भांडं चुलीच्या उबेला राखेजवळ ठेवायचं. दुसऱ्या रात्री तसं ठेवलं, आंबलं, चांगलं झालं. पण मग मांजर आणि आंबील दोघं एकाच उबेला, आणि रात्रभर माझं लक्ष तिकडेच.

२६ डिसेंबर, गुरुवार

आजची चूक सगळ्यांत महाग.

१९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, त्याला आज शंभर वर्षं. शहरात सगळीकडे रोषणाई, माणसं बघायला बाहेर पडलेली. मी हिशोब केला, संध्याकाळीही कॅन लावायचा. दोन किलो हुलगे भिजवले. आत्याबाई माहेरच्या लग्नाला खानापूरला गेलेल्या, विचारायला घरात कुणी नव्हतं.

कॅलेंडर बघितलंच नाही. मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आणि एकादशी, दोन्ही आजच. सकाळी अकरा कप, संध्याकाळी सोळा. बायका हळदीकुंकवाला चाललेल्या, माळकरी उपाशी, आणि मी दारात वाफाळता कॅन घेऊन. पाच लिटरच्या वर उरलं. एवढं निववायला परात पुरेना, धुण्याच्या टबात पातेली ठेवली. रात्री शेजारच्या तीन घरांना आमटीसाठी वाटलं. ज्यांचा उपास नव्हता त्यांना.

कॅलेंडर आता शेगडीच्या वर टांगलंय.

१ जानेवारी २०२५, बुधवार

मार्गशीर्ष सरला. मागावरची माणसं महिनाभर पायाचं सूप मागत होती. बोकडाचे पाय दोन जोड (एका जोडात चार), म्हणजे आठ, भाजून तासलेले, २४० रुपये जोड. संध्याकाळी हळद-मीठ आणि गव्हाचं पीठ चोळून धुतले, रात्री दहाला परसातल्या चुलीवर चढवले. आलं, लसूण, मिरं, एक कांदा. चुलीत मोठं लाकूड सारून झोपले.

पहाटे उठून बघते तर खदखदून निम्मं आटलेलं, पांढरट, आणि झाकण काढल्यावर जो वास आला तो सूपाचा नव्हता. खुरांच्या बेचक्यातले केस नीट भाजले गेले नव्हते. तरी तीस रुपयांनी ग्लास लावला. अकरा गेले. एक जण शहाण्यासारखा म्हणाला, "जरा आणि मिरं घाला वैनी." म्हणजे वास झाका.

२ जानेवारी

आमच्याकडे रोज साडेसहाला एक माळकरी अण्णा येतात. स्वतःचा पितळी गडू आणतात, अर्धा गडू कट उभ्यानेच पितात. आज गडू पुढे केला आणि मग हात मागे घेतला.

"ह्यातच काल पाय होते काय?"

खोटं बोलायला जीभ वळली नाही. "व्हय. पण सोड्याने धुतलाय, दोनदा उकळतं पाणी..."

त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. राम कृष्ण हरी म्हणाले आणि गेले. त्यांच्या मागून त्यांच्याबरोबरचे दोघे. मग मी स्वतः झाकण उचलून वास घेतला. स्टील साफ होतं. झाकणाच्या रबराला पायाचा वास होता. रबर चिंचेच्या पाण्यात, मग उन्हात ठेवलं, गेला नाही.

हे मला आधी सुचायला हवं होतं. आमच्याच घरात आत्याबाई मटणाचं पातेलं वेगळं ठेवतात, वरच्या फळीवर. मी दारात धंदा मांडला आणि घरची रीत घरात ठेवली.

५ जानेवारी, रविवार

दुसरा थर्मास, पाच लिटरचा, ९५० रुपये. त्याच्या मुठीला तांबडी दोरी बांधली. पाया फक्त त्यात, पळी वेगळी, ग्लास वेगळे, आणि कटाच्या टेबलापासून चार हात लांब, जिन्याखाली.

पायाही या वेळी धीराने केला. एकच जोड. प्रत्येक पाय जाळावर पुन्हा फिरवून, बेचक्यात सुरी घालून. आधी पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकून दिलं, पाय गार पाण्याने धुतले. मग नव्या पाण्यात, चुलीत मोठं लाकूड नाही, बारीक आच, रात्री बारापर्यंत मी जागी आणि पुढे नवरा. पाणी हलत राहावं, खदखदू नये. मीठ सगळ्यांत शेवटी. पहाटे वाटीभर काढून खिडकीत ठेवलं, पंधरा मिनिटांत थरथरायला लागलं. तीस ग्लास, सात वाजता संपले. मागावरचा एक अण्णा ओठ पुसून म्हणाला, "चिकटलं की वैनी," म्हणजे बरोबर झालं.

८ जानेवारी

कॅनचं रबर नवीन मिळालं, रविवार पेठेत तीन दुकानं फिरून. फुकट देतो असं दुकानदार म्हणाला, पण त्याच्याकडून कपांची दोन पाकिटं घ्यावी लागली. माळकरी अण्णांच्या दारात जाऊन सांगून आले. ते आले नाहीत.

११ जानेवारी

आले. गडू पुढे केला, आधी जिन्याखालच्या तांबड्या दोरीकडे बघितलं.

१३ जानेवारी

भोगी. घरोघर बाजरीची भाकरी, भोगीची भाजी, लोणी. पंधरा कप. या वेळी कॅलेंडर बघितलं होतं म्हणून अर्धाच किलो भिजवले होते.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांतीला थांबवलं. हिशोब असा. उघडं ठेवलं ते दिवस ३६. दहावाले कप १,२९६, पायाचे ग्लास ४१, मिळून १४,१९० रुपये आले. गेले ते: हुलगे ३,०६०, मसाला-लसूण-गूळ १,४००, सिलिंडर १,९००, पाय ७२०, कप ३८०, कॅन १,६००, तोटी ९०, दुसरा थर्मास ९५०, थर्मामीटर २५०, नोंदणी २५०, व्हॉल्व्ह ४०, आणि माझे प्रयोग (मंचाव, मसूर, नाचणी, आमसूल) ४२०. बेरीज ११,०६०. हातात ३,१३०. लाकडं परसातली, आणि पहाटे चारला उठण्याचे धरलेले नाहीत.

पुढच्या वर्षी मंचाव, मसूर, आंबील काही नाही. कट रोज, पाया रविवारी. कागदी कप बंद. माणसं गडू आणतात, ज्यांच्याकडे नाही त्यांना काचेचे ग्लास. कपाचा तळ कढत कटाने मऊ होतो, दोन वेळा हातावर सांडलंय.

दोन्ही कॅन धुऊन उलटे ठेवलेत, तोट्या उघड्या. रबरं काढून पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकण लावून. मागच्या वर्षी कुकरची रिंग फळीवर ठेवली होती, ती उंदराने खाल्ली.